ओपन बुक परीक्षा घेताना : वैद्यकीय व दंत महाविद्यालयांतील विभागांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

अंतर्गत मूल्यमापनात एक परीक्षा ओपन बुक पद्धतीने घ्यायची, असे विभागाच्या बैठकीत ठरते. मग मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका बाहेर काढली जाते, तिच्यावर ‘पुस्तके वापरण्यास परवानगी आहे’ एवढे एक वाक्य छापले जाते आणि परीक्षा पार पडते. निकालानंतर तक्रार ठरलेली असते. एक तर सगळ्यांना जवळपास सारखेच गुण पडलेले असतात, नाही तर निम्म्या वर्गाचा पेपर अपुरा राहिलेला असतो. त्यानंतर ‘ओपन बुक आपल्याकडे चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. खरे पाहता तिथे क्लोज्ड बुकचीच परीक्षा झालेली असते, फक्त पुस्तके बाकावर ठेवलेली असतात.

हा लेख नाशिक आणि आसपासच्या वैद्यकीय व दंत महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी आहे, आणि काही भाग विद्यार्थ्यांसाठीही आहे. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची लेखी परीक्षा क्लोज्ड बुकच असते, त्यामुळे ओपन बुकला खरी जागा आहे ती वर्गचाचणी, सत्र परीक्षा आणि क्लिनिकल पोस्टिंगच्या अखेरीस होणाऱ्या चाचणीत. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एक सविस्तर आढावा २०१६ साली ‘अकॅडेमिक मेडिसिन’ या नियतकालिकात आला. त्यात कोणतीही एक पद्धत सरसकट सरस ठरली नाही. मात्र ओपन बुक परीक्षेला वेळ जास्त लागतो आणि क्लोज्ड बुकसाठी विद्यार्थी अधिक तयारी करतात, एवढे त्यातून दिसते. म्हणून ‘कोणती पद्धत चांगली’ या वादात बैठक संपवू नये. कोणता मजकूर कोणत्या पद्धतीने तपासायचा, हे ठरवणे हेच खरे काम आहे आणि ते प्रश्न काढण्याच्या आधी करावे लागते.

टप्पा १ : अभ्यासक्रमाची वाटणी

परीक्षेच्या किमान तीन-चार आठवडे आधी, ज्या प्रकरणांवर परीक्षा आहे त्यांतील मजकुराची तीन गटांत वाटणी करावी. हे काम एकट्याने करू नये. विभागातील दोन शिक्षक आणि शक्य असल्यास कॅज्युअल्टीत किंवा ओपीडीत रोज काम करणारा एक वरिष्ठ निवासी डॉक्टर एकत्र बसले, की वाटणी प्रामाणिक होते.

पहिला गट म्हणजे डोक्यातच असले पाहिजे असे ज्ञान, कारण रुग्णासमोर पुस्तक उघडायला वेळ मिळणार नाही. दंतचिकित्सेच्या खुर्चीत भुलीच्या इंजेक्शननंतर प्रौढ रुग्णाला ॲनाफिलॅक्सिस (जीवघेणी तीव्र ॲलर्जी) झाला, तर १:१००० तीव्रतेचे ०.५ मिलि ॲड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत द्यायचे, ही गोष्ट इंटर्नला झोपेतून उठवून विचारली तरी आली पाहिजे. असा प्रश्न ओपन बुकमध्ये टाकणे म्हणजे विद्यार्थ्याला चुकीचा संदेश देणे आहे.

दुसरा गट म्हणजे जे पाहूनच द्यावे असे ज्ञान. लहान मुलांचे वजनानुसार डोस, मूत्रपिंडाच्या आजारात डोसमध्ये करायचे बदल, दोन औषधांच्या एकमेकांवरील क्रिया, बदलत राहणाऱ्या शिफारशी या सर्व बाबतींत आठवणीवर विसंबणारा डॉक्टर धोकादायक असतो. हा गट क्लोज्ड बुकमध्ये पाठांतरासाठी विचारून आपण वर्षानुवर्षे उलटीच सवय लावत आलो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या गटाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. शोधण्यासाठी जे आधी माहीत असावे लागते, ते ज्ञान या गटात येते. मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक वॉरफरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा परिणाम वाढवते हे पुस्तकात सापडेल, पण रुग्ण वॉरफरिनवर आहे म्हणून औषधांच्या परस्परक्रिया पाहायला हव्यात, हे सुचण्यासाठी रक्त गोठण्याची प्रक्रिया समजलेली असावी लागते. खालच्या जबड्याच्या नसेला भूल देताना सुई कोणत्या पोकळीत जाते, हे ज्याला माहीत नाही, त्याला भूल का लागली नाही याचे कारण शोधण्यासाठी कोणते पानही उघडता येणार नाही. या गटातील मजकूर क्लोज्ड बुकमध्येच विचारावा. ओपन बुकमध्ये त्याची अप्रत्यक्ष परीक्षा आपोआप होते.

> तपासणी : पहिल्या आणि तिसऱ्या गटात मिळून निम्म्याहून कमी मजकूर उरला असेल, तर वाटणी पुन्हा पाहा. ‘सगळे पुस्तकात आहेच’ या समजुतीने दुसरा गट फुगलेला असण्याची शक्यता जास्त असते.

टप्पा २ : पेपरची रचना आणि भागांचा क्रम

वाटणी झाली, की बहुतेक विषयांसाठी दोन भागांचा पेपर सोयीचा पडतो. एक भाग क्लोज्ड बुक आणि एक ओपन बुक असावा. क्लोज्ड बुक भाग नेहमी आधी घ्यावा, त्याच्या उत्तरपत्रिका गोळा कराव्यात आणि मोजून झाल्यावरच पुस्तके वर्गात आणू द्यावीत. दोन्ही भागांची प्रश्नपत्रिका एकदम देऊन पुस्तके ‘नंतर उघडा’ असे सांगण्याची चूक अनेक ठिकाणी होते. त्यामुळे पर्यवेक्षकाला पूर्ण वेळ पहारा द्यावा लागतो, आणि क्लोज्ड बुक भागाच्या गुणांना काही अर्थ उरत नाही.

एकाच रुग्णाची गोष्ट दोन्ही भागांत विभागली, तर पेपर अधिक सलग होतो. उदाहरणार्थ, निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराला फवारणीनंतर घाम, लाळ आणि श्वासाचा त्रास सुरू होतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या आहेत आणि नाडीचा वेग मिनिटाला ४८ आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट (एका प्रकारचे कीटकनाशक) विषबाधेचे निदान, ॲट्रोपिन १ ते ३ मिग्रॅ शिरेतून देऊन प्रतिसाद नसल्यास दर ५ मिनिटांनी डोस दुप्पट करणे, आणि डोस पुरेसा झाल्याची खूण म्हणून छाती स्वच्छ होणे व नाडीचा वेग ८० च्या वर जाणे, हे सर्व क्लोज्ड बुक भागात विचारावे. ओपन बुक भागात त्याच रुग्णाचे वजन ६० किलो देऊन प्रॅलिडॉक्सिम या उताऱ्याच्या औषधाचा डोस काढायला सांगावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ३० मिग्रॅ, म्हणजे १८०० मिग्रॅ, सुरुवातीला आणि नंतर तासाला किलोमागे ८ मिग्रॅ, म्हणजे ४८० मिग्रॅ, असे उत्तर येते. त्यापुढे, विषबाधा होऊन बराच वेळ उलटला असेल तर या औषधाकडून किती अपेक्षा ठेवावी आणि का, हा खरा गुण देण्याजोगा उपप्रश्न आहे.

टप्पा ३ : ओपन बुकचे प्रश्न लिहिणे

सर्वाधिक वेळ याच टप्प्याला द्यावा. प्रश्न कच्चा असेल तर पुढची सर्व व्यवस्था निरुपयोगी ठरते.

जुना प्रश्न ओपन बुकसाठी कसा बदलायचा, हे जनवैद्यकशास्त्रातल्या (कम्युनिटी मेडिसिन) एका परिचित प्रश्नावरून पाहू. ‘विहिरीच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण कसे कराल ते लिहा’ हा प्रश्न पुस्तक समोर असताना विचारला, तर वर्गातील प्रत्येक जण तेच दीड पान उतरवून देईल. त्याऐवजी असा प्रश्न द्यावा : पेठ तालुक्यातील एका वाडीत अतिसाराचे रुग्ण आढळले आहेत. गोल विहिरीचा व्यास ३ मीटर असून पाण्याची खोली ४ मीटर आहे. उपकेंद्रात हॉरॉक्स उपकरण (पाण्याला किती ब्लीचिंग पावडर लागेल हे ठरवण्याचे साधन) नाही. ब्लीचिंग पावडरचे पोते पावसाळ्यापासून उघडे पडलेले असून तिच्यातील उपलब्ध क्लोरीन २० टक्क्यांवर आला आहे. किती पावडर घालाल, दिवसाच्या कोणत्या वेळी घालाल, आणि सकाळी लोकांना पाणी भरू देण्यापूर्वी काय तपासाल?

पुस्तकात सूत्र आहे, आणि चांगल्या प्रतीच्या पावडरचे १००० लिटरमागे २.५ ग्रॅम हे ढोबळ प्रमाणही आहे. त्यावरून २८,२६० लिटर पाण्याला सुमारे ७१ ग्रॅम पावडर निघते. पण ते प्रमाण सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरचे आहे, हे ज्याच्या ध्यानात येईल तोच ११७ ग्रॅमच्या आसपास पोहोचेल. तासाभरानंतर पाण्यात शिल्लक मुक्त क्लोरीन लिटरमागे ०.५ मिग्रॅ असावा, हेही पुस्तकात आहे. मात्र हॉरॉक्स उपकरणाशिवाय काढलेला अंदाज ही चाचणी केल्याशिवाय वापरू नये, हे विद्यार्थ्याला स्वतः सांगावे लागते. या प्रश्नात उतरवून काढण्यासारखे फारच थोडे आहे.

दंतशास्त्रात बालरुग्णाचा प्रश्न असाच उपयोगी पडतो. १५ किलो वजनाच्या मुलाला ॲड्रेनॅलिनयुक्त २ टक्के लिग्नोकेन (भुलीचे औषध) जास्तीत जास्त किती मिलि देता येईल, असे विचारावे. एका मिलिमध्ये २० मिग्रॅ औषध असते, हे गणित सोपे आहे. पण कमाल मर्यादा काही ग्रंथांत किलोमागे ४.४ मिग्रॅ दिलेली आहे, तर काहींत ॲड्रेनॅलिनसह ७ मिग्रॅ. पहिल्या आकड्याने ६६ मिग्रॅ म्हणजे ३.३ मिलि येते, दुसऱ्याने १०५ मिग्रॅ म्हणजे ५.२५ मिलि. ‘तुमच्याकडील ग्रंथ कोणती मर्यादा देतो, आणि या मुलासाठी तुम्ही कोणती निवडाल, कारणासह लिहा’ हे वाक्य प्रश्नात घातले, की पुस्तकातील आकडा ही उत्तराची फक्त सुरुवात ठरते. बालरुग्णासाठी कमी मर्यादा धरणाऱ्याला आणि त्याचे कारण सांगणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत.

> तपासणी : प्रत्येक प्रश्न सहकाऱ्याच्या हाती द्या आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून एकच मथळा शोधून तिथला मजकूर उतरवल्यास किती गुण मिळतात, ते पाहा. निम्म्याहून जास्त मिळत असतील, तर तो प्रश्न क्लोज्ड बुकमध्ये हलवा किंवा काढून टाका.

> सावधान : ‘अवघड’ करण्याच्या नादात तळटिपेतील दुर्मीळ माहिती विचारू नका. तिच्यातून फक्त पाने चाळण्याचा वेग मोजला जातो.

टप्पा ४ : कोणती पुस्तके, आणि कोणती आवृत्ती

नियम सैल ठेवले, तर परीक्षेच्या दिवशी वाद होतात. ‘पुस्तके चालतील’ या वाक्यात गाईड येते का, वरिष्ठांच्या झेरॉक्स नोट्स येतात का, सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांची फाईल येते का? परीक्षेच्या किमान दोन आठवडे आधी लेखी यादी सूचनाफलकावर लावावी. माझा आग्रह असा, की विषयाचे एक किंवा दोन मान्य पाठ्यग्रंथ, विभागाने दिलेली एखादी मार्गदर्शक तत्त्वांची प्रत आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली एका पानाची सूची एवढेच चालू द्यावे. सोडवलेले प्रश्न आणि गाईड यांना परवानगी दिली, तर पेपर कितीही चांगला काढा, उत्तरे दुसऱ्याच्याच विचारातून येतात. मोबाइल आणि इंटरनेट वगळावेत, कारण ते चालू असताना कोणाचे उत्तर कोणाकडून आले, हे कोणत्याही पर्यवेक्षकाला सांगता येणार नाही.

आवृत्तीचा मुद्दा यादीत ठळक अक्षरांत हवा. हृदयाच्या कृत्रिम झडपेच्या रुग्णाचा दात काढण्यापूर्वी एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतील आवरणाचा संसर्ग) टाळण्यासाठी द्यायच्या प्रतिजैविकाचे उदाहरण घ्या. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास क्लिंडामायसिन ६०० मिग्रॅ द्यावे, असे अनेक जुन्या आवृत्त्यांत लिहिलेले आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये क्लिंडामायसिनची शिफारस काढून टाकली. त्याऐवजी ॲझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ, डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ किंवा सेफॅलेक्सिन २ ग्रॅम हे पर्याय दिले आहेत, आणि पेनिसिलिनने अंगावर सूज किंवा ॲनाफिलॅक्सिस झालेल्या रुग्णाला सेफॅलेक्सिन देऊ नये, असेही सांगितले आहे. ग्रंथालयातील जुनी प्रत घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे शोधूनही चुकीचे उत्तर लिहिले, तर दोष विभागाचा आहे. एक तर आवृत्ती ठरवून द्यावी, नाही तर मार्गदर्शक तत्त्वांचे संबंधित पान प्रश्नपत्रिकेसोबत जोडावे.

ग्रंथालयात मान्य आवृत्तीच्या किती प्रती आहेत, हे ग्रंथपालांकडे आधीच विचारावे. महागडा ग्रंथ विकत घेणे सर्वांना परवडत नाही. सुरगाणा-कळवणसारख्या भागातून शिष्यवृत्तीवर शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला पुस्तक नसल्यामुळे कमी गुण पडले, तर ती परीक्षा अन्यायाची ठरते. प्रती कमी असतील, तर आवश्यक प्रकरणांचा एक संच विभागाने सर्वांना सारखाच उपलब्ध करून द्यावा.

टप्पा ५ : वेळ ठरवणे

क्लोज्ड बुकचे वेळापत्रक ओपन बुकला लावू नये. विभागातील एखाद्या पदव्युत्तर (पीजी) विद्यार्थ्याला, पेपर आधी न दाखवता, त्याच पुस्तकांसह तो सोडवायला बसवावा. त्याला लागलेल्या वेळेच्या सुमारे दुप्पट वेळ पदवीच्या विद्यार्थ्याला द्यावा, असा माझा सल्ला आहे. वेळ फार सैल ठेवला, तरी अभ्यास न करता आलेला विद्यार्थी पाने उलटून सुटतो. म्हणून ९० मिनिटांत चार चांगले प्रश्न हे सहा मध्यम प्रश्नांपेक्षा बरे.

टप्पा ६ : विद्यार्थ्यांनी करायची तयारी

हा भाग छापून वर्गात वाटला तरी चालेल. ‘ओपन बुक आहे, मग अभ्यास कशाला’ हा समज मोडण्यासाठी विभागाने परीक्षेपूर्वी एक नमुना प्रश्न वर्गात सोडवून घ्यावा. त्यासाठी भाषणाची गरज पडत नाही.

१. परीक्षा क्लोज्ड बुक आहे असे समजूनच प्रकरण एकदा पूर्ण वाचावे. जे वाचलेच नाही, ते परीक्षेत शोधताना पहिल्यांदा वाचले जाते आणि वेळ तिथेच जातो.

२. पुस्तकात रंगीत पट्ट्या लावाव्यात, पण त्या तक्ते, डोसची पाने आणि प्रवाहचित्रे यांपुरत्याच. प्रत्येक पानावर पट्टी लावली, की एकही पट्टी उपयोगाची राहत नाही.

३. एका पानाच्या सूचीत विषय, पान क्रमांक आणि ‘तिथे काय आहे’ एवढेच लिहावे. सूचीत उत्तरे कोंबू नयेत.

४. परीक्षेत पुस्तक उघडण्यापूर्वी सर्व प्रश्न वाचावेत आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मनातून जेवढे येते तेवढे कच्चे लिहावे. त्यानंतरच शंकेच्या जागा पुस्तकात तपासाव्यात. हा क्रम उलटा करणारे विद्यार्थी पहिल्या प्रश्नावर अर्धा तास घालवतात.

५. उत्तरात पुस्तकातील मजकूर वापरला, तर पान क्रमांक लिहावा आणि त्याखाली ‘या रुग्णासाठी याचा अर्थ काय’ हे स्वतःच्या शब्दांत लिहावे. गुण या दुसऱ्या ओळीला आहेत.

टप्पा ७ : परीक्षेचा दिवस

व्यवस्थेतल्या चुका किरकोळ वाटतात, पण त्यांनी पेपर बिघडतो. दोन जाड ग्रंथ, उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका एका अरुंद डेस्कवर मावत नाहीत, म्हणून एका बाकावर एकच विद्यार्थी बसवावा. पुस्तकांची तपासणी पेपर सुरू होण्यापूर्वी दारातच करावी. आत चिकटवलेले कागद काढून घ्यावेत, स्वतःच्या हाताने पानांवर केलेल्या खुणा चालू द्याव्यात. पुस्तके एकमेकांना देऊ नयेत, हा नियम पर्यवेक्षकाने सुरुवातीला मोठ्याने वाचून दाखवावा, कारण ‘सर, फक्त पुस्तक मागत होतो’ ही सबब ओपन बुकमध्ये पहिल्या दहा मिनिटांतच ऐकू येते.

> तपासणी : क्लोज्ड बुक भागाच्या सर्व उत्तरपत्रिका मोजून सीलबंद झाल्याशिवाय पुस्तकांचा ढीग असलेली खोली उघडू नका.

टप्पा ८ : गुणदान

उत्तरसूची परीक्षेआधीच लिहून ठेवावी आणि प्रत्येक प्रश्नाचे गुण तीन ओळींत विभागावेत : योग्य माहिती शोधली का, ती या रुग्णाला लागू केली का, आणि निर्णयाचे कारण दिले का. पहिल्या ओळीला सर्वांत कमी गुण ठेवावेत. विहिरीच्या प्रश्नात ७१ ग्रॅमपर्यंत पोहोचलेल्याला एखाद-दुसरा गुण मिळावा, क्लोरीनचे प्रमाण लक्षात घेणाऱ्याला त्याहून बरेच अधिक. दोन परीक्षकांनी पहिल्या दहा उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासून गुण जुळवून पाहावेत. फरक मोठा असेल, तर उत्तरसूची संदिग्ध आहे. तिच्यात दुरुस्ती करूनच उरलेल्या उत्तरपत्रिका हाती घ्याव्यात.

आढळणारी एक चूक म्हणजे शब्दश: उतरवलेल्या उत्तराला ‘बरोबरच तर आहे’ म्हणून पूर्ण गुण देणे. एकदा असे झाले, की पुढच्या परीक्षेला वर्गातील कोणीही विचार करून लिहीत नाही. दुसरी चूक याच्या उलट असते. पुस्तक समोर होते म्हणून किरकोळ चुकीलाही गुण कापले जातात. डोसच्या दशांश चिन्हाची चूक मात्र किरकोळ मानू नये, ती दहापट डोस असतो.

टप्पा ९ : परीक्षेनंतर

उत्तरपत्रिका आठवडाभरात विद्यार्थ्यांना दाखवाव्यात आणि ज्या प्रश्नात सर्वाधिक चुका झाल्या, तो वर्गात पुस्तकासह पुन्हा सोडवून घ्यावा. मोठा वर्ग असेल, तर एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी वेगळे काढून प्रत्येक प्रश्नात दोन्ही गटांचे सरासरी गुण पाहावेत. फरक नगण्य असेल, तर तो प्रश्न उतरवून काढता येणारा किंवा संदिग्ध होता, असे समजावे. खालच्या गटाला वरच्यापेक्षा जास्त गुण मिळाले असतील, तर उत्तरसूचीच तपासावी.

टिकलेले प्रश्न विभागाच्या प्रश्नसंचात जाऊ द्यावेत, आणि प्रत्येकाखाली ग्रंथ, आवृत्ती व पान नोंदवावे. नवी आवृत्ती किंवा नवी मार्गदर्शक तत्त्वे आली, की त्या नोंदीवरून बाधित प्रश्न ओळखता येतात. हे काम एका ठरावीक शिक्षकाकडे सोपवून त्याचे नाव संचाच्या पहिल्या पानावर लिहावे. ज्या विद्यार्थ्यांनी प्रश्न सोडवला, त्यांच्याकडून तो पुढच्या तुकडीपर्यंत पोहोचतोच, म्हणून तोच रुग्ण पुन्हा वापरायचा असेल, तर वजन, ॲलर्जी किंवा सोबतचा आजार बदलून उत्तरसूची नव्याने लिहावी.